पोलिसाच्या कपाटात सापडलेलं घबाड

जुने अमेरिकी गुन्हेपट पाहणाऱ्याला हा प्रसंग कुठल्या ना कुठल्या रूपात भेटलेलाच असतो. पोलीस ठाण्याची मागची खोली, भिंतीला लागून लोखंडी कपाटांची रांग. कप्तान एका कपाटाकडे बोट दाखवतो. दार उघडतं. आत खुंटीला ओला रेनकोट, खाली बुटांचा जोड आणि बुटांच्या मागे कागदी पट्टी बांधलेली नोटांची गड्डी. पट्टीवर परवाच लुटल्या गेलेल्या बँकेचा शिक्का. कपाट ज्याचं, तो पोलीस दारातच उभा असतो. तो काही बोलायच्या आत कप्तान हात पुढे करतो आणि त्याचा बिल्ला मागतो. बेड्यांची पाळी नंतर येते.

पुढचा तासभर हा माणूस बिल्ल्याशिवाय फिरतो. खरा दरोडेखोर त्याला शोधायचा आहे, आणि कालपर्यंत शेजारी बसून कॉफी पिणारे सहकारी आता त्यालाच शोधताहेत. शेवटी तो निर्दोष ठरतो, बिल्ला परत मिळतो, चित्रपट संपतो.

हे कथानक इतकं सवयीचं झालंय की त्यातली गंमत चटकन ध्यानात येत नाही. ते रूढ झालं त्या काळातली अमेरिकी वर्तमानपत्रं चाळली तर पोलीस आणि बनाव हे दोन शब्द वारंवार शेजारी येतात, पण बहुतेक वेळा बनाव रचणारा पोलीस असतो आणि अडकणारा दुसराच कोणी. पडद्यावर हे चित्र बरोबर उलटं झालं. ते कसं, याच्या मुळाशी गेलं तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या न्यूयॉर्कमध्ये जावं लागतं.

1912 साली चार्ल्स बेकर हा न्यूयॉर्क पोलिसांत लेफ्टनंट होता, जुगाराचे अड्डे मोडून काढणाऱ्या एका पथकाचा प्रमुख. धाडी घालणं हे त्याचं काम आणि धाड पडू नये म्हणून हप्ता घेणं हा जोडधंदा. हर्मन रोझेन्थाल नावाच्या अड्डेवाल्याचं त्याच्याशी बिनसलं आणि तो थेट ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्राकडे गेला. बेकर माझ्या अड्ड्यात भागीदार आहे, नफ्यातला पाचवा हिस्सा घेतो, असं त्याने सांगून टाकलं. हे छापून आलं आणि दोनच दिवसांत, 16 जुलैच्या पहाटे दोनच्या सुमारास, 43 व्या रस्त्यावरच्या मेट्रोपोल हॉटेलच्या दारात रोझेन्थालला गोळ्या घातल्या गेल्या.

मारेकरी राखाडी मोटारीतून पळाले. आसपास माणसं होती, पोलीसही होते. प्रत्येकाने मोटारीचा वेगळा नंबर सांगितला आणि ते सगळे चुकीचे निघाले. बरोबर नंबर, 41313, टिपला होता चार्ल्स गॅलाघर नावाच्या एका बेकार गायकाने. बिचारा तो सांगायला ठाण्यात गेला, तर ठाण्यातल्या लोकांनी त्यालाच कोठडीत टाकलं. सरकारी वकील चार्ल्स व्हिटमन त्याच रात्री ठाण्यावर येऊन थडकला, गायकाला बाहेर काढलं, नंबर घेतला आणि तपासाची सूत्रं आपल्याकडे ओढली. पटकथाकाराने हा प्रसंग लिहिला असता तर निर्मात्याने ‘फारच नाटकी’ म्हणून कापला असता.

चार मारेकरी सापडले. त्यांना कामाला लावणारे जुगारीही सापडले. त्यांचा म्होरक्या ‘बाल्ड जॅक’ रोझ. या जुगाऱ्यांना शिक्षेतून सूट मिळाली आणि बदल्यात त्यांनी साक्ष दिली: माणसं आम्ही जमवली, पण हुकूम बेकरचा. पहिल्या खटल्यात बेकरला देहदंड सुनावला गेला. 1914 च्या फेब्रुवारीत अपील न्यायालयाने तो निकाल रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. दुसऱ्या खटल्याचा शेवटही तोच. 30 जुलै 1915 रोजी सिंग सिंग तुरुंगात बेकरला विजेच्या खुर्चीवर बसवण्यात आलं. तोवर व्हिटमन राज्याचा गव्हर्नर झाला होता, त्यामुळे दयेचा अर्ज गेला तो ज्याने खटला चालवला त्याच माणसाच्या टेबलावर. तो फेटाळला गेला. बेकरच्या बायकोने शवपेटीवर चांदीची पट्टी ठोकली: चार्ल्स बेकर, 30 जुलै 1915 रोजी गव्हर्नर व्हिटमनने खून केला. बदनामीच्या खटल्याची धमकी आली तेव्हा ती काढावी लागली.

बेकर हप्ते खात होता, यावर फारसं दुमत नाही. त्याच्या बँकेतल्या ठेवी पगाराशी जुळत नव्हत्या. पण खुनाचा हुकूम त्याचाच होता, की आपली मान सोडवायला जुगाऱ्यांनी त्याची मान पुढे केली, यावर अभ्यासक अजून भांडतात. म्हणजे अडकवला गेलेला पोलीस हे पात्र प्रत्यक्षात अवतरलं ते असं: लाच खाणारा, आणि तरी कदाचित त्या एका गुन्ह्यापुरता निर्दोष. चित्रपटांनी यातला अर्धाच भाग उचलला. हप्तेखोर पोलिसावर खोटा आळ आला तर प्रेक्षकाने कोणाच्या बाजूने उभं राहायचं, हा प्रश्न त्या काळच्या तासाभराच्या चित्रपटाला झेपणारा नव्हता. नायक धुतल्या तांदळासारखा हवा होता.

‘फ्रेम-अप’ हा शब्द साधारण याच सुमारास अमेरिकी बोलीत रुळत होता. आपल्याकडे यासाठी बालंट, कुभांड, किटाळ असे ठेवणीतले शब्द आहेत, पण त्यांत एक गोष्ट येत नाही. फ्रेम म्हणजे चौकट. पुरावा आधी सुताराने जोडावा तसा जोडून ठेवलेला आणि माणूस नंतर त्यात बसवलेला. हा शब्द देशभर पोचवला तो टॉम मूनीच्या खटल्याने. 1916 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका संचलनात बॉम्ब फुटून 10 माणसं मेली. मूनी या कामगार पुढाऱ्याला त्यात फाशीची शिक्षा झाली. साक्षी खोट्या असल्याचं उघड होत गेलं, फाशीची जन्मठेप झाली, आणि माफी मिळून तो बाहेर आला तेव्हा 1939 साल उजाडलं होतं. ‘फ्रेम-अप’ म्हटलं की अमेरिकी वाचकाला पुढची कित्येक वर्षं मूनी आठवायचा. वर्दीतला माणूस मुळीच नाही.

पोलिसांवर खोटा आळ आल्याचा एक चोख प्रसंग मात्र आहे, आणि तो भलताच प्रसिद्ध आहे, जरी त्याची ही बाजू क्वचितच सांगितली जाते. 14 फेब्रुवारी 1929, शिकागो, नॉर्थ क्लार्क रस्त्यावरचं एक गॅरेज. सात माणसांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मशिनगनने उडवलं. मारेकऱ्यांपैकी दोघे पोलिसांच्या गणवेशात होते. बाहेर पडताना त्यांनी आपल्याच साध्या वेशातल्या साथीदारांना हात वर करायला लावले. शेजाऱ्यांना वाटलं, पोलिसांनी गुन्हेगार पकडून नेले. शिकागो पोलिसांची कीर्ती अशी होती की शहराला दुसरीच शंका आली: हे खरेच पोलीस असतील तर? दारूबंदी खात्याच्या एका अधिकाऱ्याने तर तसं उघड बोलूनही दाखवलं.

मग न्यूयॉर्कहून कॅल्व्हिन गोडार्ड यांना बोलावण्यात आलं. दोन गोळ्या शेजारी शेजारी ठेवून एकाच वेळी पाहता येतील असं जोडसूक्ष्मदर्शक वापरणाऱ्या पहिल्या तज्ज्ञांपैकी ते एक. बंदुकीच्या नळीतले खाचखळगे गोळीवर उमटतात आणि दोन बंदुकांचे ओरखडे सारखे नसतात, एवढ्यावर त्यांचं शास्त्र उभं होतं. गॅरेजात .45 ची सत्तरेक रिकामी काडतुसं मिळाली होती. गोडार्ड यांनी शिकागो पोलिसांकडच्या थॉम्पसन मशिनगन मागवल्या, त्यांतून गोळ्या झाडून पाहिल्या, ओरखडे ताडून पाहिले. एकही जुळली नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मिशिगनमध्ये एका पोलिसाचा खून करून पळालेल्या फ्रेड बर्कच्या घरात दोन थॉम्पसन सापडल्या आणि त्या जुळल्या. पुढे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गुन्हे-प्रयोगशाळा उभी राहिली, तिच्या प्रमुखपदी गोडार्डच होते.

चित्रपटातल्या नायकाला शेवटी जो प्रयोगशाळेतला चष्मेवाला सोडवतो, त्याचं मूळ मला इथे दिसतं. वर्दी उसनी घेता येते, बिल्ला चोरता येतो, कपाटात नोटा ठेवता येतात; नळीतले ओरखडे तेवढे उसने मिळत नाहीत.

पण हा झाला अपवाद. नेमाने काय चालायचं ते 1930 आणि 1931 या दोन वर्षांत बाहेर आलं. राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी नेमलेल्या विकरशॅम आयोगाने 1931 मध्ये पोलिसांच्या बेकायदा वागणुकीवर एक अख्खा अहवाल काढला. कबुली मिळवण्यासाठी होणारी मारहाण, झोपू न देणं, वकिलापासून दूर ठेवणं, हे सगळं त्यात नोंदलं गेलं. ‘थर्ड डिग्री’ हा शब्द सरकारी कागदावर आला. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये सॅम्युएल सीबरी चौकशी करत होते. हे तेच सीबरी, ज्यांच्यासमोर बेकरचा दुसरा खटला चालला होता. त्यांच्यापुढे चिली मापोचा अकुन्या नावाचा पोलिसांचा खबऱ्या उभा राहिला आणि त्याने धंदा कसा चालतो ते सांगितलं. एखाद्या बाईच्या खोलीत काहीतरी निमित्ताने शिरायचं, खुणेच्या नोटा मेजावर ठेवायच्या, ठरल्या वेळी पोलीस दार ढकलून आत येणार, नोटा ‘सापडणार’, बाईवर वेश्याव्यवसायाचा गुन्हा. मग जामीनदार, वकील, पोलीस अशी वाटणी. अकुन्याने नुसती हकीकत सांगून थांबायचं नाकारलं, समोर बसवलेल्या पोलिसांमधून आपले या धंद्यातले साथीदार एकेक करून ओळखून दाखवले.

खुणेच्या नोटा पेरायच्या आणि मग त्या सापडवायच्या. पडद्यावरच्या कपाटातली गड्डी आली ती पोलिसांच्याच पोतडीतून. कथाकारांनी फक्त ती कोणाच्या कपाटात ठेवायची ते बदललं.

बदललं, कारण बदलणं भाग होतं. हॉलिवूडच्या निर्मात्यांनी 1930 मध्ये स्वतःसाठी एक आचारसंहिता लिहून घेतली होती. चार वर्षं ती कोणी मनावर घेतली नाही. 1934 च्या जुलैपासून ही संहिता राबवणाऱ्या जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाचा शिक्का नसेल तर 25,000 डॉलर दंड, असा नियम झाला आणि सगळे सुतासारखे सरळ आले. गुन्ह्याबद्दल सहानुभूती वाटता कामा नये. चोरी, दरोडा, तिजोरीफोड यांची कृती बारकाईने दाखवायची नाही. एखादा न्यायाधीश अन्यायी दाखवला तर चालेल, पण न्यायव्यवस्थेला बट्टा लागता कामा नये. 1938 मध्ये आणखी एक कलम वाढलं: कथानकाला अगदी अटळ असल्याशिवाय गुन्हेगाराच्या हातून पोलीस मरताना दाखवू नका.

आता लेखकाच्या खुर्चीत बसून पाहा. पोलीस नायक हवाय, कारण गुंड नायक आता चालत नाही. जेम्स कॅग्नीसारखा गुंडांच्या भूमिकांनी गाजलेला नटही 1935 मध्ये सरकारी तपास अधिकारी होऊन पडद्यावर आला, बंदूक तीच, बाजू दुसरी. पण नायकावर संकट तर यायला हवं. त्याचा जीव घ्यायची मुभा नाही. त्याला लाचखोर दाखवावं तर ब्रीन यांचं कार्यालय कागद परत पाठवणार. उरली काय, तर अब्रू. ती घेता येत होती, कारण शेवटच्या रिळात परत देता येत होती. खोट्या आळाचं कथानक म्हणजे आचारसंहितेच्या भिंतीत सापडलेली फट आहे, असं माझं मत आहे. त्यात भ्रष्ट ठाणं दाखवता येतं, मारहाण दाखवता येते, पोलिसावर पोलिसाचा संशय दाखवता येतो, आणि शेवटी ‘तो एकच माणूस वाईट होता’ म्हणून चित्रपटगृहातले दिवे लावता येतात.

आळ खुनाचा न घेता दरोड्याचा का, यालाही कारण आहे. पोलिसाच्या हातून माणूस मेला तर बचावाला जागा उरते. कर्तव्य होतं, झटापट झाली, बंदूक सुटली. लुटीच्या पैशाला असं स्पष्टीकरण नसतं. शिवाय पैसा ही पडद्यावर दाखवायला सोपी वस्तू. नोटांना क्रमांक असतात, गड्डीला पट्टी असते, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात जाते, प्रेक्षक तिच्यावरून नजर हलवत नाही. पोलीस बडतर्फ झाला की नोकरीबरोबर निवृत्तिवेतनही जाणार, ही धास्ती पगारदार प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नसे.

या चित्रपटांतले बरेचसे ‘बी’ दर्जाचे, म्हणजे एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायची पद्धत होती तेव्हाचे दुसरे. लांबी तास-सव्वा तास, चित्रीकरण दोन-तीन आठवड्यांत, कधी त्याहूनही कमी. चित्रपटगृहाकडून ठरीव भाडं मिळायचं, गल्ला वाढला तरी निर्मात्याला जास्त काही नाही. मग खर्च वाचवणं हीच कमाई. पोलीस ठाण्याचा सेट एकदा उभारला की दहा चित्रपटांना पुरतो. रात्रीची दृश्यं जास्त, कारण अंधारात सेटची गरिबी झाकली जाते. पुढे समीक्षकांनी त्या अंधाराला शैली म्हटलं, तेही खोटं नाही. 1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या स्टुडिओंना चित्रपटगृहांच्या मालकीपासून वेगळं होण्याच्या वाटेवर ढकललं, मागोमाग दूरचित्रवाणी आली, आणि ही दुय्यम चित्रपटांची पंगत उठली. तेव्हाच्या कायद्यात स्वामित्वहक्क 28 वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावा लागे. या फुटकळ चित्रपटांसाठी ती तसदी कित्येकांनी घेतली नाही. आज त्यातले बरेच फुकट पाहायला मिळतात ते या आळसामुळे. चांगल्या प्रती मात्र शोधाव्या लागतात.

दरोड्याच्या चित्रपटांना खरं इंधन मिळालं ते 17 जानेवारी 1950 च्या संध्याकाळी. बॉस्टनमध्ये ब्रिंक्स कंपनीच्या इमारतीत सात माणसं शिरली. अंगात खलाशी घालतात तसे जाड कोट, डोक्यावर चालकाच्या टोप्या, चेहऱ्यावर रबरी मुखवटे. आतल्या दारांच्या किल्ल्या त्यांनी आधीच करवून घेतल्या होत्या. 12 लाख 18 हजार डॉलर रोख आणि साडेपंधरा लाखांचे धनादेश वगैरे घेऊन ते बाहेर पडले. टोळी एकूण अकरा जणांची. केंद्रीय तपास खातं सहा वर्षं हात चोळत बसलं. जोसेफ ओ’कीफ हा टोळीतलाच एक जण वाटणीवरून दुखावला होता. तो 1956 च्या जानेवारीत फुटला. राज्याच्या कायद्याने खटला भरायची मुदत संपायला जेमतेम अकरा दिवस उरले होते. रोकड परत मिळाली ती 58 हजार डॉलरच्या आतच.

‘कॅन्सस सिटी कॉन्फिडेन्शियल’ हा फिल कार्लसन यांचा चित्रपट 1952 चा, म्हणजे टोळी अजून मोकाट असतानाचा. लुटीची रक्कम बारा लाख, चेहऱ्यांवर मुखवटे. प्रेक्षकाला बॉस्टन आठवावं असा सरळ बेत दिसतो. पण आपल्या विषयासाठी त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची. आळ येतो तो फुलांची गाडी चालवणाऱ्या एका माजी कैद्यावर, कारण दरोडेखोरांनी हुबेहूब तशीच गाडी वापरलेली असते. पोलीस त्याला बदडून काढतात. आणि हा सगळा बेत रचणारा असतो सक्तीने घरी बसवलेला एक पोलीस कप्तान. साथीदारांना पकडून द्यायचं, बक्षीस घ्यायचं, गेलेली प्रतिष्ठा मिळवायची, असा त्याचा डाव. म्हणजे चौकट बनवणारा सुतार पुन्हा पोलीसच झाला. अकुन्याच्या साक्षीनंतर वीस वर्षांनी चित्रपट वर्तमानपत्रांच्या जवळ आला.

तो येण्याजोगी हवाही होती. सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने 1950-51 मध्ये गावोगाव फिरून संघटित गुन्हेगारीची चौकशी केली आणि ती लोकांनी घरबसल्या दूरचित्रवाणीवर पाहिली. ब्रुकलिनमध्ये हॅरी ग्रॉस हा सट्टेवाला पकडला गेला. पोलिसांना वर्षाला दहा लाख डॉलरच्या आसपास हप्ता जात होता, असं निघालं. 18 पोलिसांवर खटला उभा राहिला, ग्रॉस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आला आणि त्याने ऐनवेळी तोंड उघडायला नकार दिला. अठराच्या अठरा सुटले. असं घरात बसून वाचल्या-पाहिल्यावर कपाटात पेरलेल्या गड्डीवर किती विश्वास बसणार? 1954 या एका वर्षात, लुटीच्या किंवा लाचेच्या पैशाला पोलीस स्वतःच भुलतो अशा कथेचे किमान चार चित्रपट आले. आळ आलेला निष्पाप पोलीस त्यानंतरही दिसत राहिला, पण जुन्या ओळखीचा पाहुणा दिसावा तसा.

1959 च्या उन्हाळ्यात शिकागोत रिचर्ड मॉरिसन नावाचा तरुण घरफोड्या पकडला गेला. तो सांगू लागला की समरडेल ठाण्याचे काही पोलीस त्याच्याबरोबर घरफोड्या करतात, पहारा देतात, माल गस्तीच्या गाडीतून नेतात. त्याचा जबाब 77 पानांचा झाला. अशा वेळी पोलीस काय म्हणणार हे इतक्या वर्षांच्या चित्रपटांनी सगळ्यांना शिकवलं होतं: चोराच्या उलट्या बोंबा, सूड म्हणून घेतलेला आळ. 1960 च्या जानेवारीत एका रात्री सरकारी वकिलाची माणसं आठ पोलिसांच्या घरी एकाच वेळी गेली. कपाटं उघडली. आतला माल न्यायला ट्रक आणावे लागले, आणि त्यातलं काहीही तिथे दुसऱ्या कोणी ठेवलेलं नव्हतं.